एबीजीचा कागद हातात आला, आता पुढे? (नमुन्यापासून निदानापर्यंत)

भूलभुलैया (धागाकर्ता)

एबीजीवर (धमनीतल्या रक्तातले वायू आणि आम्लता मोजणारी तपासणी) इथे तुटक तुटक बरंच बोलून झालंय, पण एका जागी काही सापडत नाही. म्हणून हा धागा. वाचणारे रेसिडेंट, आरएमओ (ड्युटीवरचे डॉक्टर), नर्सिंग स्टाफ, डीएमएलटीवाले (लॅब टेक्निशियन) आहेत असं धरून लिहितोय. घरच्या माणसाचा रिपोर्ट टाकून इथे निदान मागू नये. समोर पेशंट नसताना हा कागद वाचता येत नाही, एवढंच कारण.

पहिली गोष्ट: यंत्र वायूंच्या बाजूचं प्रत्यक्ष मोजतं ते तीनच. पीएच (रक्ताची आम्लता), पीसीओ२ (कार्बन डायऑक्साइडचा दाब) आणि पीओ२ (ऑक्सिजनचा दाब). बायकार्बोनेट (ॲसिड शोषणारा क्षार, पुढे बायकार्ब) आणि बेस एक्सेस (अल्कलीची एकूण जादा किंवा तूट) हिशेबाने निघतात. को-ऑक्सिमीटर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारा भाग) जोडलेला नसेल तर सॅच्युरेशनसुद्धा (हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरलंय ते) हिशेबाचंच असतं. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, लॅक्टेट हे ज्या त्या कार्ट्रिजवर अवलंबून.

नेहमीच्या मर्यादा: पीएच ७.३५ ते ७.४५, पीसीओ२ ३५ ते ४५ मिमी, बायकार्ब २२ ते २६, बेस एक्सेस उणे २ ते अधिक २, लॅक्टेट २ च्या खाली.

आता क्रम. पीएच कुठल्या बाजूला झुकलाय ते बघा. मग त्या झुकावाला जबाबदार कोण, पीसीओ२ की बायकार्ब, ते ठरवा. इथपर्यंत सगळे करतात आणि इथेच थांबतात. खरं काम पुढे आहे: दुसऱ्या बाजूने जेवढी भरपाई करायला हवी होती तेवढीच केलीय का? कमी-जास्त असेल तर दुसरा आजार लपलेला आहे. भरपाईचे हिशेब पाठच हवेत (ॲसिडोसिस म्हणजे आम्लाकडे झुकाव, अल्कलोसिस म्हणजे अल्कलीकडे; रेस्पिरेटरी म्हणजे पीसीओ२मुळे, मेटाबॉलिक म्हणजे बायकार्बमुळे):

मेटाबॉलिक ॲसिडोसिस: अपेक्षित पीसीओ२ = १.५ × बायकार्ब + ८, दोन इकडे-तिकडे.
मेटाबॉलिक अल्कलोसिस: ०.७ × बायकार्ब + २०, पाच इकडे-तिकडे. हा हिशेब ढिलाच आहे, फार ताणू नये.
रेस्पिरेटरी ॲसिडोसिस: पीसीओ२ दर १० ने वाढल्यास बायकार्ब ताज्या आजारात १ ने, जुन्यात ४ च्या आसपास वाढतं.
रेस्पिरेटरी अल्कलोसिस: दर १० घटीला ताज्यात २, जुन्यात ४ ते ५ ने उतरतं.

जुन्या रेस्पिरेटरी आजारात मूत्रपिंडाला पूर्ण भरपाईला तीन ते पाच दिवस लागतात. फुफ्फुसाची भरपाई काही मिनिटांत सुरू होते. आणि भरपाई पीएचला सहसा पूर्ण ७.४० वर आणत नाही. आजार ठळक आहे आणि पीएच मात्र अगदी मध्यावर, असं दिसलं की दोन आजार एकमेकांना खोडताहेत असं समजून शोधायला लागा.

मेटाबॉलिक ॲसिडोसिस असो वा नसो, ॲनायन गॅप (न मोजलेल्या ॲसिडांचा अंदाज देणारा फरक) प्रत्येक वेळी काढा. सोडियम वजा (क्लोराइड + बायकार्ब). ८ ते १२ ठीक, तरी आपल्या लॅबचा नेहमीचा आकडा माहीत असलेला बरा.

एक उदाहरण पूर्ण सोडवतो. मधुमेही, दोन दिवस उलट्या. पीएच ७.३०, पीसीओ२ २९, बायकार्ब १४, सोडियम १३८, क्लोराइड ८८, अल्ब्युमिन ४. अपेक्षित पीसीओ२ = २१ + ८ = २९. म्हणजे श्वासाची बाजू चोख. गॅप = १३८ − १०२ = ३६. गॅप १२ वरून ३६ वर गेला, २४ ने वाढला. बायकार्ब मात्र २४ वरून १४ वर, १० नेच उतरलं. गॅपमधली ती २४ ची वाढ बायकार्बमध्ये परत मिळवली तर ३८ येतात. म्हणजे किटोनचं ॲसिड येण्याआधी किंवा सोबतच उलट्यांमुळे अल्कलोसिस होताच. ७.३० बघून ‘माइल्ड डीकेए’ (मधुमेहात किटोन साठून होणारं ॲसिडोसिस) म्हणून वॉर्डात पाठवायचा पेशंट हा नव्हे.

---

आरएमओ_नवा

धन्यवाद सर, बुकमार्क केलं. एक शंका. हाच भरपाईचा फॉर्म्युला फोनवर रिपोर्ट घेताना आकडे तपासायला वापरता येईल का? रात्री आकडे फोनवर सांगतात आणि दोनदा ५८ चं ८५ ऐकू येतं.

---

भूलभुलैया

त्याला वेगळी युक्ती आहे. २४ × पीसीओ२ ÷ बायकार्ब केलं की हायड्रोजन आयन नॅनोमोलमध्ये मिळतात. ७.४० ला ४०, ७.३० ला ५०, ७.२० ला ६३, ७.१० ला ७९, ७.०० ला १००. ७.३० ते ७.५० च्या दरम्यान ८० मधून पीएचचे शेवटचे दोन अंक वजा केले तरी भागतं. तीन आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर एकतरी चुकीचा उतरवलाय.

---

लॅबकोपरा

यात भर. यंत्राने छापलेलं बायकार्ब याच समीकरणातून येतं, त्यामुळे छापील कागदावर ते जुळणारच. जुळलं म्हणून नमुना चांगला, असा अर्थ काढू नका. ही तपासणी दोन ठिकाणी कामाची: फोनवर उतरवलेले आकडे, आणि बायकार्ब वेगळ्या सीरम नमुन्यातून आलं असेल तेव्हा.

आता नमुन्याबद्दल, कारण यंत्रापर्यंत जे येतं त्यात किती बिघडलेलं असतं ते वॉर्डातल्यांना कळत नाही.

हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध). द्रव हेपॅरिन सिरिंजमध्ये ओढायचं, दांडा पूर्ण मागे-पुढे करून भिंती ओल्या करायच्या आणि सगळं बाहेर टाकायचं. हबमध्ये राहतं तेवढं पुरतं. ‘गुठळी नको’ म्हणून पाव एमएल ठेवून वर अर्धा एमएल रक्त घेतलं की पीसीओ२ आणि बायकार्ब दोन्ही खोटे खाली येतात, पीएच मात्र फारसा हलत नाही. कागद बघून मेटाबॉलिक ॲसिडोसिस आणि छान भरपाई वाटते! आयनाइज्ड कॅल्शियमही खाली दिसतं, कारण हेपॅरिन कॅल्शियमला धरून ठेवतं. कोरडं, संतुलित हेपॅरिन असलेली तयार सिरिंज मिळत असेल तर तीच वापरा. नसेल तर २ एमएलच्या सिरिंजमध्ये निदान १ एमएल रक्त घ्या.

बुडबुडा. खोलीतल्या हवेत पीओ२ साधारण १५० आणि पीसीओ२ जवळजवळ शून्य. बुडबुडा रक्ताला त्या दिशेने ओढतो. ५५ चा पीओ२ वर चढतो, आणि ऑक्सिजनवर असलेल्या पेशंटचा ३०० चा खाली येतो. फेस झाला असेल तर जास्तच, कारण पृष्ठभाग वाढतो. न्यूमॅटिक ट्यूबने (हवेच्या दाबाने नमुने ढकलणारी नळी) पाठवणार असाल तर बुडबुडा काढल्याशिवाय अजिबात नाही. सुई उभी धरून टिचकी मारा, हवा घालवा, टोपण लावा, मग दोन्ही तळव्यांत सिरिंज लाटा आणि उलटीपालटी करा. यंत्रात घालण्याआधी पुन्हा मिसळून पहिले दोन-तीन थेंब गॉझवर टाका, गुठळी असेल तर तिथेच दिसते. गुठळी आत गेली की यंत्र तासभर बंद, आणि शिव्या आम्हाला.

वेळ. प्लास्टिक सिरिंज खोलीच्या तापमानाला ३० मिनिटांच्या आत. लॅक्टेट हवं असेल तर १५. पेशी नळीतही ग्लुकोज खातात, लॅक्टेट बनवतात. बर्फात ठेवायची जुनी सवय काचेच्या सिरिंजच्या काळातली आहे. थंड प्लास्टिकमधून ऑक्सिजन आत शिरतो आणि पोटॅशियमही वाढतं. ल्युकेमियात पांढऱ्या पेशी लाखाच्या पुढे असतील तर नमुन्यातला पीओ२ काही मिनिटांत घसरतो. तिथे बर्फ चालेल, पण खरा उपाय धावत जाऊन लगेच लावणं. अशा पेशंटमध्ये पल्स ऑक्सिमीटर जास्त विश्वासाचा.

---

शुश्रूषा_कक्ष

लॅबकोपरा, यंत्र बंद पडलं की शिव्या आम्हालाही बसतात 😀

आर्टेरियल लाइनवरून (धमनीत बसवलेली नळी) घेताना: मृत जागेच्या, म्हणजे त्या नळीत मावणाऱ्या द्रवाच्या, तिप्पट तरी रक्त आधी काढा. कमी काढलं तर फ्लशमधलं सलाइन नमुन्यात येतं. क्लोराइड वर, पोटॅशियम आणि कॅल्शियम खाली, हिमोग्लोबिन अचानक दोनने कमी. हिमोग्लोबिन असं पडलं की ‘ब्लीड होतंय का’ म्हणून पळापळ होते. आधी नमुना पुन्हा घ्या.

मनगटाच्या रेडियल धमनीला टोचताना मनगटाखाली गुंडाळी, सुई ३० ते ४५ अंशात, २३ किंवा २४ नंबरची. रक्त आपसूक ठोक्याठोक्याने चढायला हवं. दांडा ओढावा लागला तर शीर लागल्याची शंका धरा (बीपी फार कमी असेल तर धमनीतही ओढावं लागतं, हे खरं). नंतर पाच मिनिटं मोजून दाब. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दहा. पेशंटच्या नातेवाइकाला ‘धरा जरा’ सांगून जाऊ नका, तो बोट उचलून बघत बसतो.

फॉर्मवर ऑक्सिजन किती चालू होता ते लिहाच. ‘ओ२ वर’ एवढ्याने कुणालाच काही कळत नाही. ऑक्सिजन बदलल्यावर २० मिनिटं थांबून नमुना घ्या, सीओपीडीत (श्वासमार्ग अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा जुनाट आजार) अर्धा तास.

---

फुफ्फुसनामा

ऑक्सिजनची बाजू धाग्यात राहिलीय, ती मांडतो.

पीओ२ चा आकडा एकटा निरर्थक. आधी फुग्यांतला, म्हणजे अल्व्हिओलर, ऑक्सिजन काढा: ऑक्सिजनचा अंश × (हवेचा दाब − पाण्याच्या वाफेचे ४७) − पीसीओ२ ÷ ०.८. मुंबईत समुद्रसपाटीला साध्या हवेवर ०.२१ × ७१३ = १५०, वजा ५०, म्हणजे १००. सगळी पुस्तकं हाच आकडा देतात. पुण्यात हवेचा दाब ७१० मिमीच्या आसपास असतो, तिथे हाच हिशेब ८९ वर येतो. म्हणून पुण्यातल्या साठीच्या माणसाचा पीओ२ ७५ आला तर घाबरायचं कारण नाही. आणि महाबळेश्वरला मुंबईचे आकडे लावू नयेत. यंत्र बॅरोमीटरचा दाब स्वतः घेतं, पण आपण फॉर्म्युल्यात ७६० घालून मोकळे होतो.

आता दोन पेशंट, दोघांचाही पीएच ७.२२.

पहिला: कोकणातलं गाव, पहाटे जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावली, पापण्या मिटताहेत, मान धरवत नाही. साध्या हवेवर पीसीओ२ ६८, बायकार्ब २७, पीओ२ ५४. पीसीओ२ २८ ने वर, ताज्या हिशेबाने बायकार्ब जेमतेम ३ ने वाढायला हवं. तेवढंच वाढलंय. अल्व्हिओलर ऑक्सिजन = १५० − ८५ = ६५. ६५ मधून ५४ गेले, फरक ११. म्हणजे फुफ्फुस धडधाकट आहे, भाता हलवणारे स्नायू थकलेत. याला नुसता मास्क लावला तर सॅच्युरेशन ९८ दिसेल, सगळे निर्धास्त होतील आणि पीसीओ२ चढत राहील. याला श्वासनळीत नळी हवी, व्हेंटिलेटर हवा. फुफ्फुस निरोगी असल्याने तो बहुतेक वेळा सुखरूप सुटतो.

दुसरा: जुना सीओपीडी. पीसीओ२ ८०, बायकार्ब ३२. सगळं ताजं असतं तर बायकार्ब २८ असतं, सगळं जुनं असतं तर ३८-४०. ३२ मधेच अडकलंय, म्हणजे जुन्यावर नवं. याला ऑक्सिजन ८८ ते ९२ सॅच्युरेशनपुरता, शक्यतो व्हेंचुरी मास्कने (ऑक्सिजनचं प्रमाण ठरवून देणारा), आणि बायपॅप (नळी न घालता मास्कमधून श्वासाला दाबाची मदत). ‘पीसीओ२ ४० वर आणा’ असा हट्ट व्हेंटिलेटरवर धरू नका. याचं घरचं ४० नाहीच. बायकार्ब अडकून राहिलेलं असतं, पीसीओ२ उतरवलात की पीएच ७.५२ ला जातो. लक्ष्य पीएच ठेवा.

---

आरएमओ_नवा

सर, दम्याच्या पेशंटमध्ये पीसीओ२ ४२, पीएच ७.३८ म्हणजे नॉर्मलच ना? तासाभरापूर्वी ३० आणि ७.४८ होता. सुधारतोय असं लिहिलंय केस पेपरवर.

---

फुफ्फुसनामा

उलट आहे. आत्ताच्या आत्ता जाऊन बघा. दम्याचा झटका चालू असताना माणूस धापा टाकतो, पीसीओ२ खालीच असायला हवा. श्वासाचा वेग तसाच ३५ असेल, छातीतली घरघर कमी झाली असेल आणि वाक्य पूर्ण बोलता येत नसेल तर ४२ म्हणजे तो थकलाय. घरघर थांबून आरामात बोलत असेल तर सुधारला. कागद दोन्हींत सारखाच येतो. वरिष्ठांना फोन करून मग इथे या.

---

मूत्रपिंडे

चांगला धागा. दोन मुद्दे माझ्या गल्लीतले.

एक, अल्ब्युमिन. आयसीयूतल्या पेशंटचं अल्ब्युमिन २ असतं. प्रत्येक १ ग्रॅम घटीला गॅप २.५ ने खाली येतो. १२ चा ‘नॉर्मल’ गॅप प्रत्यक्षात १७ आहे, आणि आत लॅक्टेट दडलंय. अल्ब्युमिन न बघता काढलेला गॅप मी मोजत नाही.

दोन, क्लोराइड. ०.९ टक्के सलाइनमध्ये क्लोराइड १५४, रक्तात १०० च्या आसपास. डीकेएमध्ये पाच-सहा लिटर सलाइन गेल्यावर बायकार्ब १५-१६ वर अडकतं, आणि रेसिडेंट इन्सुलिन वाढवत बसतात. गॅप बघा. गॅप मिटला असेल, क्लोराइड ११५ असेल, तर किटोन संपलेत; हे सलाइनचं ॲसिडोसिस आहे, मूत्रपिंड एक-दोन दिवसांत निस्तरेल. जुलाबातलं गॅप न वाढवणारं ॲसिडोसिसही असंच दिसतं, फक्त तिथे पोटॅशियम कमी असतं. बायकार्ब देण्याआधी पोटॅशियम भरा, नाहीतर पीएच सुधारेल आणि हृदय अडखळेल.

भरपाईचे एवढे फॉर्म्युले पाठ करण्यापेक्षा बेस एक्सेस का वापरत नाही लोक? मेटाबॉलिक ॲसिडोसिसमध्ये ४० मध्ये बेस एक्सेस मिळवा (तो उणे असतो), अपेक्षित पीसीओ२ मिळतो. उणे १४ म्हणजे २६. संपलं.

---

भूलभुलैया

बॉस्टन-कोपनहेगन भांडण (बायकार्बचे फॉर्म्युले विरुद्ध बेस एक्सेस) इथेही! बेस एक्सेस झटपट आहे, ऑपरेशन थिएटरात मीही तोच बघतो. पण तो लॅक्टेट, क्लोराइड, किटोन सगळं एका आकड्यात कोंबतो, आणि अल्कलोसिस-ॲसिडोसिस एकत्र असतील तर शून्य दाखवून मोकळा. वर दिलेल्या उलट्यांच्या केसमध्ये बेस एक्सेसने अल्कलोसिस कधीच दिसला नसता. गॅप काढावाच लागतो.

कोपनहेगनचा विषय निघालाच आहे तर: १९५२ च्या पोलिओच्या साथीत तिथल्या ब्लेगडॅम हॉस्पिटलमध्ये रक्तातला एकूण सीओ२ वाढलेला दिसायचा आणि तो अल्कलोसिस समजला जायचा, कारण पीएच आणि पीसीओ२ वेगवेगळे मोजायची सोय रोजच्या वापरात नव्हती. बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ओळखलं की ही मुलं श्वास अपुरा पडून सीओ२ साठवताहेत. गळ्याला छिद्र, नळी, आणि हाताने पिशवी दाबायला वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाळ्या. आज ‘बायकार्ब जास्त’ म्हणून एबीजी न करता अल्कलोसिस लिहिणारे तीच गफलत करताहेत.

---

ग्रामीण_रुग्णसेवा

आमच्याकडे धमनीचा नमुना प्रत्येक वेळी जमत नाही. शिरेचा नमुना चालतो का?

---

भूलभुलैया

पीएच, बायकार्ब आणि लॅक्टेटचा कल बघायला चालतो. शिरेतला पीएच ०.०३ ते ०.०४ ने कमी, पीसीओ२ ४ ते ६ ने जास्त, बायकार्ब एक-दीडने जास्त. डीकेएच्या पाठपुराव्याला धमनी टोचत राहायची गरजच नाही. शिरेतला पीसीओ२ ४५ च्या खाली असेल तर मोठा सीओ२ साठा नाही असं धरता येतं. वर असेल तर किती ते सांगता येत नाही, धमनीचाच घ्या. शॉकमध्ये हे सगळे फरक फुगतात. आणि पीओ२ साठी शिरेचा नमुना कधीच नाही.

उलटंही लक्षात ठेवा: धमनी म्हणून पाठवलेल्या नमुन्यात पीओ२ ३८ आणि बोटावर ९७ टक्के दिसत असतील तर ती शीर होती.

---

लॅबकोपरा

सॅच्युरेशनवरून अजून एक. हिवाळ्यात बंद बाथरूममध्ये गॅस गिझर, आणि आत बेशुद्ध सापडलेला माणूस. पीओ२ ९५, हिशेबाचं सॅच्युरेशन ९७, पल्स ऑक्सिमीटर ९८. तिन्ही खोटा दिलासा देतात. कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं हिमोग्लोबिन फक्त को-ऑक्सिमीटर दाखवतो. यंत्रात तो नसेल तर जिथे आहे तिथे नमुना पाठवा, पण १०० टक्के ऑक्सिजन त्याआधीच सुरू. मेथहिमोग्लोबिनमध्ये (ऑक्सिजन वाहू न शकणारं बदललेलं हिमोग्लोबिन) बोटावर ८५ च्या आसपास चिकटून राहतं, पीओ२ चांगला येतो, रक्त चॉकलेटी दिसतं. नमुना यंत्राला लावतानाच रंग लक्षात येतो.

---

मूत्रपिंडे

बायकार्बोनेटच्या इंजेक्शनबद्दल कुणी विचारण्याआधीच: डीकेएत पीएच ७.० च्या वर असेल तर नको. इतरत्रही आधी कारण. दिलेल्या बायकार्बचा सीओ२ होतो, तो बाहेर टाकायला फुफ्फुस मोकळं हवं. थकलेल्या पेशंटला धडाधड अँप्यूल दिल्या तर पेशींच्या आत ॲसिड वाढतं.

---

भूलभुलैया

याच्याच जोडीला, इंट्युबेशन करणाऱ्यांसाठी (श्वासनळीत नळी घालणाऱ्यांसाठी). सल्फासची (ॲल्युमिनियम फॉस्फाइड, धान्यातलं कीटकनाशक) गोळी घेतलेला किंवा गंभीर डीकेएचा पेशंट. बायकार्ब ६, पीसीओ२ १७, पीएच ७.१७. (मेटाबॉलिक ॲसिडोसिसमध्ये पीएचचे शेवटचे दोन अंक आणि पीसीओ२ असे जवळजवळ जुळले तर भरपाई पूर्ण आहे, ही झटपट खूण.) हा माणूस मिनिटाला ३५ खोल श्वास घेऊन स्वतःला सावरतोय. त्याला भूल देऊन, स्नायू शिथिल करून नळी घातली आणि व्हेंटिलेटर नेहमीच्या १४ वर लावला. पीसीओ२ ४० झाला. २४ × ४० ÷ ६ = १६०, म्हणजे पीएच ६.८०. हृदय इथेच थांबतं, आणि दोष भुलीच्या औषधाला जातो.

शक्य तोवर नळी टाळा. टाळता येत नसेल तर सगळ्यात सराईत हात, कमीत कमी थांबा, मधल्या वेळात बॅगने श्वास चालू. व्हेंटिलेटरवर सुरुवातीलाच वेग २८ ते ३०, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) आदर्श वजनाच्या किलोमागे ८ एमएल. श्वास पूर्ण बाहेर पडतोय ना ते फ्लोच्या आलेखावर बघा, नाहीतर हवा आत अडकून बीपी पडेल. १५ मिनिटांत पुन्हा एबीजी. लक्ष्य पीसीओ२ नॉर्मल नव्हे, नळीआधी त्याचा स्वतःचा जेवढा होता तेवढा.

---

आरएमओ_नवा

दम्याच्या पेशंटला बघून आलो. घरघर बंद, पण झोपाळलेला. वरिष्ठ आलेत, आयसीयूत हलवलंय. पुढचा एबीजी अर्ध्या तासाने, २ एमएलची सिरिंज, हेपॅरिन झटकून.